सत्तावीस नंबर

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं ताई, तू होय! नंबर अनोळखी दिसला म्हणून… चेतनचा नवा मोबाइल? बरं बरं. जयभीम, जयभीम. बोल.

हो, मिळाली पत्रिका. कालच आली… छान आहे गं, सोनेरी अक्षरं… हो, आमची नावं पाहिली. सृष्टीचंही घातलंस ते पाहिलं.

थांब, गॅलरीत जाते… हां, आता बोल. हळू बोलते म्हणजे? नाही, अशीच बोलते मी. आत सृष्टी पडलीये.

तिकीट? नाही काढलं… वेटिंगचं नाही गं… ताई, ऐक ना… अगं ऐक तरी. चेतनच्या साखरपुड्याला आमचं येणं होणार नाही.

हॅलो?… आहेस ना?… बोल ना काहीतरी.

हो. हो, मान्य आहे. एकच मावशी आहे मी त्याची… हो, नावसुद्धा मीच ठेवलं. विसरले नाही… नाही, संतोषचं ऑफिस आडवं येत नाहीये. त्याच्या क्लायंटने दोन दिवस सोडलं असतं त्याला… माझी रजा? माझी रजा चालूच आहे. मी घरीच असते सध्या… हो, घरीच. दिवाळीपासून ऑफिसचं, त्या सेंट्रल बिल्डिंगचं तोंड पाहिलं नाही.

सृष्टीला बरं नाही.

ताप नाही… डेंगी नाही, कावीळ नाही. रक्त, लघवी, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत… ताई, ती बोलत नाही… रुसून नाही गं. चौदा वर्षांची मुलगी रुसली तर कळतं की आईला. ही बोलतच नाही. हो, नको, पाणी, झोपते. झालं. दिवसभराचं बोलणं संपलं.

तुला आधी का नाही सांगितलं… कसं सांगणार? तुझ्याकडे कार्य ठरत होतं. मुलीकडचे येत होते, जात होते. त्यात मी हे कुठे घेऊन येऊ?… बरं, सांगते. पण मध्ये विचारू नकोस. मध्ये विचारलंस तर मला पुढे सांगता येणार नाही.

पूर्वा आठवते तुला?… सृष्टीची मैत्रीण गं. गेल्या वर्षी दिवाळीला तू आली होतीस तेव्हा रोज आमच्याकडेच असायची. चिवड्यातले शेंगदाणे वेचून खायची आणि तू म्हणालीस, अगं मला खालचे पोहे तरी ठेव… हां, तीच. दोन वेण्यांची. वडिलांचं गॅरेज आहे बघ गाडीतळाजवळ, रंगराव त्यांचं नाव. आपल्या भाऊजींशी बुलेटवर तासभर बोलत बसले होते ते.

ती गेली.

गणपती झाल्यावर… नाही, अपघात नाही. आजारी पण नव्हती… तिने स्वतःच… हो… हो गं, खरं सांगतेय… ताई, कसं ते विचारू नकोस. मी कुणालाच ते सांगत नाही. आमच्या सोसायटीतल्या बायका लिफ्टमध्ये तेवढंच विचारतात. कसं? कुठे? आधी कुणी पाहिलं? ती मुलगी कोण होती ते एकीनेही विचारलं नाही.

…हो. नववीत. दोघी एकाच वर्गात, एकाच बाकावर. दुसरीपासून.

कारण? कुणाला माहीत गं. लोकांना एक कारण लागतं, मिळालं की घरी जाऊन जेवता येतं. कुणी म्हणालं, युनिट टेस्टला मार्क कमी पडले. कुणी म्हणालं, वडील ओरडले. तिची आई मला म्हणाली, काही महिने तिला झोपच लागत नव्हती. रात्री उठून स्वयंपाकघरात बसायची. त्यांना वाटलं, अभ्यासाचं टेन्शन असेल. चित्रं काढायची ना ती, ती बंद केली होती. त्यांना वाटलं, मोठी झाली. असं एकेक. वेगवेगळं पाहिलं तर कशातच काही नाही… हो ना. आपण तरी काय केलं असतं?

एक मिनिट… काही नाही, टँकर आलाय खाली, त्याचा आवाज. इथे मांजरीला राहायला आलो तेव्हा बिल्डर म्हणाला होता, सहा महिन्यांत कॉर्पोरेशनचं पाणी. जाऊ दे ते.

हं. तर शाळा… शाळेने काय करायचं होतं? मुलांशी बोलायचं होतं! साठ मुलं होती गं त्या वर्गात. शुक्रवारी पूर्वा होती, सोमवारी नव्हती. प्रिन्सिपल मॅडम वर्गावर आल्या आणि म्हणाल्या, झालं ते वाईट झालं, आता कुणी हा विषय काढायचा नाही, बाहेर कुणी विचारलं तर काही सांगायचं नाही, सेमिस्टर जवळ आली आहे. दोन मिनिटं उभंसुद्धा केलं नाही मुलांना. एक मुलगी रडायला लागली तर तिला तोंड धुवायला पाठवलं. रंगराव दप्तर न्यायला आले तर त्यांना गेटवरच थांबवलं. वॉचमनच्या हातून दप्तर बाहेर. सृष्टीने वरच्या खिडकीतून पाहिलं ते… नाही, तेव्हा नाही सांगितलं. खूप नंतर.

ती जात होती शाळेत. डबा नेत होती, तसाच परत आणत होती. मी म्हणायची, एक घास तरी खात जा. संतोष म्हणायचा, दुःख आहे, वेळ जाऊ दे. आम्ही आईबापांनी वेळ जाऊ दिला.

मग तो एसेमेस आला.

शाळेचा गं. आता सगळं कॉम्प्युटरवर आहे ना. सकाळी बाई टॅबवर हजेरी घेतात आणि मूल आलं नसेल तर आईबापांच्या मोबाइलवर आपोआप एसेमेस. ॲडमिशनच्या वेळी काय कौतुक होतं मला त्याचं! तुला फोन करून सांगितलं होतं मी… आठवतं ना? त्या दिवशी मी ऑफिसात फाइल घेऊन साहेबांसमोर उभी. मोबाइल वाजला. युअर वॉर्ड सृष्टी इज ॲबसेंट टुडे.

ताई, सकाळी मीच तिला गेटमध्ये सोडलं होतं. पाठमोरी आत जाताना पाहिलं होतं. आणि पूर्वाला जाऊन महिनाच झाला होता… हो. हो. दुसरं काय येणार मनात?

फाइल कुणाच्या हातात दिली आठवत नाही. रिक्षा केली. शाळेचा फोन लागेना. संतोषचा लागेना, तो मीटिंगमध्ये. रामटेकडीच्या सिग्नलला गाड्या तुंबलेल्या. मी त्या रिक्षावाल्याला म्हणत होते, दादा, कुठूनही काढा, फुटपाथवरून काढा. तो म्हणाला, ताई, कुणी ॲडमिट आहे का? मला हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. शाळेच्या गेटवर वॉचमन म्हणतो, पालकांची वेळ तीन ते चार. मी त्याला ढकललं, ताई. मी! आयुष्यात कुणाला मोठ्याने बोलले नाही मी.

दुसऱ्या मजल्यावर तिचा वर्ग. खिडकीतून पाहिलं तर… बसली होती. बाकावर. पुस्तक उघडं, हात मांडीवर. नुसती बसलेली दिसली. तिथेच पॅसेजमध्ये फरशीवर बसले मी.

नाही, नाही, ठीक आहे मी… ताई, तू रडू नकोस. तू रडलीस तर मी कशी सांगू?… पाणी पी.

सांगते ना. मग तिच्या क्लासटीचर बाहेर आल्या. सरोजिनी मॅडम. तरुण आहे गं पोरगी, पंचविशीतली असेल. तिने मला हाताला धरून उठवलं आणि जिन्याकडे नेलं. म्हणाली, सृष्टी रोज येते, पण हजेरीला ओ देत नाही. ओ दिली नाही की मी ॲबसेंट लावायचं असा नियम आहे. आठवडाभर मी तिचं प्रेझेंट लावत होते, आज सुपरवायझर मॅडम मागे उभ्या होत्या.

मी म्हटलं, ओ का देत नाही? तर ती इकडेतिकडे बघायला लागली. मग हळूच म्हणाली, नंबर बदललाय ना.

…अगं रोल नंबर. पूर्वाचा सत्तावीस, हिचा अठ्ठावीस. आडनावं एकापाठोपाठ येतात ना दोघींची. पूर्वाचं नाव काढलं, तर कॉम्प्युटरने खालचे सगळे नंबर एकेकाने वर सरकवले. आता सत्तावीस म्हटलं की सृष्टीने उठायचं. प्रेझेंट मॅडम म्हणायचं.

हो.

हो ना, ताई. मेलेल्या मैत्रिणीच्या नंबरला हिने ओ द्यायची. रोज सकाळी.

पहिल्या दिवशी बाईंनी सत्तावीस पुकारलं तेव्हा ती म्हणे मान वळवून शेजारी पूर्वाच्या जागेकडे बघत बसली. मग मागून एक मुलगा म्हणाला, सृष्टी, तू आहेस आता सत्तावीस… त्या लेकराचा काय दोष गं, खरंच तसं होतं ते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो प्रिन्सिपल मॅडमकडे. सृष्टीही होती, तिला बाहेर एकटी कशी ठेवणार? मॅडमनी आधी वीस मिनिटं थांबवलं. मग म्हणाल्या, बसा. आपली मुलगी तोंड उघडत नाही, त्यात आमच्या सॉफ्टवेअरचा काय दोष?… तशाच बोलतात त्या. आवाज चढत नाही, पण सालटं निघतं माणसाचं.

संतोष तुला माहीत आहे, कुणाशी वाद घालणार नाही. तो म्हणाला, मॅडम, मी हेच काम करतो, सॉफ्टवेअर तपासायचं. त्यात एक ओळ रिकामी ठेवता येते. फार सोपं आहे. वर्ष संपेपर्यंत सत्तावीस कुणालाच देऊ नका. मॅडम म्हणाल्या, अहो, मला शाळा चालवायची आहे, स्मारक नाही उभारायचं.

…संतोष? कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या.

मग म्हणाल्या, हवापालट करा तिचा. टीसी हवा असेल तर आम्ही अडवणार नाही. आणि एवढंच वाटत असेल तर आपल्या शाळेत समुपदेशन कक्ष आहे की! बाहेरच्या शाळांत नाही मिळणार. माहितीपत्रक पाहा, फोटोसकट आहे.

आणि सृष्टी बोलली.

हो. आम्ही दोघं दचकलो. ती म्हणाली, तो बंद असतो.

मॅडम म्हणाल्या, कोण बंद असतो? तर म्हणाली, तो कक्ष. आम्ही गेलो होतो. मी आणि पूर्वा.

गणपतीच्या सुट्टीआधी, ताई. पूर्वाच तिला म्हणाली होती, आपण जाऊ या का तिथे? तिलाच जायचं होतं गं… हो, पूर्वालाच. सृष्टीने विचारलं, का? तर म्हणाली, असंच, मला खूप जड वाटतं, कुणाला तरी सांगते. मधल्या सुट्टीत दोघी तिथे गेल्या. दाराला कुलूप. त्यांना वाटलं, मॅडम जेवायला गेल्या असतील, म्हणून पायरीवर बसून राहिल्या. गेनबाकाका, तिथले शिपाई, ते आले. काय गं पोरींनो, इथं काय करताय? ह्या म्हणाल्या, मॅडमना भेटायचंय. ते म्हणाले, कुठल्या मॅडम? हितं कुणी येत न्हाय. जावा, बेल झाली.

आणि पूर्वा हसली म्हणे. उठून स्कर्ट झटकला आणि म्हणाली, जाऊ दे, फार काही नव्हतं.

…

हो. एवढंच. जाऊ दे, फार काही नव्हतं.

सृष्टी हे सगळं एका दमात बोलली. रडली नाही. शेवटी मॅडमकडे बघून म्हणाली, मी तिला घेऊन तुमच्याकडे यायला पाहिजे होतं का? असं विचारलं गं तिने. खरंच विचारत होती. कुणीतरी उत्तर द्यावं म्हणून.

मॅडम चष्मा काढून पुसत बसल्या. मग संतोष उठला. म्हणाला, खोली दाखवा… नाही, ओरडला नाही. नुसतं म्हणाला, खोली दाखवा. गेलो सगळे. किल्ली सापडेना. गेनबाकाका खाली गेले, वर आले, पुन्हा खाली गेले. उघडली एकदाची. आत जुने मॉनिटर. खोक्यांवर खोकी, छतापर्यंत. वर्गात स्मार्ट बोर्ड बसवले ना, तेव्हा जुने कॉम्प्युटर तिथे टाकलेले. भिंतीवर फक्त एक सूर्यफुलाचं पोस्टर. माहितीपत्रकातल्या फोटोत तेवढंच होतं, ते आणि एक खुर्ची.

गेनबाकाका तिथेच दाराला धरून उभे राहिले. म्हणाले, मला काय ठावं वो ताई, मला वाटलं पोरी टाइमपास करत्यात. त्यांना काय बोलू मी? त्यांची नात त्याच शाळेत आहे.

पुढे… पुढे काय, खोली रिकामी केली. रंग दिला. आठवड्यातून दोनदा एक बाई येतात आता, चांगल्या आहेत म्हणे. पण आम्हाला जिन्यातच सांगितलं, हे बाहेर जाऊ नये, शाळेच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. नंबर मात्र परत अठ्ठावीस नाही केला हां. तो नियमच. मग सरोजिनी मॅडमनीच नंबर पुकारायचे बंद केले. नावं घेऊन हजेरी घेते ती, साठ नावं. दहा मिनिटं जातात, म्हणून तिला नोटीस मिळाली. कॉन्ट्रॅक्ट आहे तिचं, मार्चपर्यंत. पुढे ठेवतील असं वाटत नाही.

हो ना, चांगल्याची अशी गत.

पहिल्यांदा नावाने हजेरी झाली त्या दिवशी सृष्टीने ओ दिली. नाव पुकारलं तेव्हा. सरोजिनी मॅडमनी मला फोन करून सांगितलं, रडत होत्या. मी त्या दिवशी खीर केली. वेडी मी. वाटलं, सुटलं. संध्याकाळी ती आली, दप्तर ठेवलं, पलंगावर पडली ती पडलीच. दुसऱ्या दिवशी उठेना. संतोष जवळ बसला, म्हणाला, बेटा, आता तर सगळं नीट झालं ना? तर म्हणाली, हो बाबा. सगळं नीट झालं. म्हणजे आता पूर्वा कुठेच नाही.

त्यानंतर शाळा नाही. म्हणून मी घरी.

नाही गं ताई, दृष्ट कुठली लागते… हो, बोलावलं होतं भन्तेजींना, परित्राणपाठ झाला घरी. रोज संध्याकाळी वंदना घेतो आम्ही, तीही येऊन बसते, हात जोडते. ओठ हलत नाहीत.

डॉक्टर? हो, चालू आहेत… मानसोपचारच्या. बाई आहेत. कॅम्पात. आठवड्यातून एकदा जातो. गोळ्या दिल्यात, झोपेच्याच नाहीत नुसत्या, दुसऱ्याही आहेत…

काय?

ताई, काय म्हणालीस?… नाही, परत म्हण. लग्नाच्या वेळी? चौदा वर्षांची आहे ती! हिच्या लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील याचा विचार मी आत्ता करू?… वेड्यांचा डॉक्टर म्हणू नकोस. अजिबात म्हणू नकोस… तुला शुगर निघाली तेव्हा तू गोळी घेतलीस की नाही? तेव्हा मी विचारलं, ताई, लोक काय म्हणतील?… मग! पूर्वाच्या आईलाही असंच कुणीतरी म्हणालं असेल. होईल नीट, वय आहे, बोभाटा नको. ऐकलं त्यांनी. दर वेळी गाडीतळावरून जाताना मी त्या गॅरेजकडे बघत नाही, माहीत आहे? रंगराव हातात पाना घेऊन नुसते बसलेले असतात. गिऱ्हाईक समोर उभं असतं.

…नाही. नाही रागावले… तू मोठी आहेस, तू काळजीनेच बोलणार. पण काळजी अशी नको, ताई. अशी काळजी परवडत नाही आता मला.

शाळा बदलायची म्हणतोय आम्ही. वारज्याची एक पाहिली. लांब पडते, पण तिथल्या हेडसरांनी आधी तिचं नाव विचारलं, मार्क नाही… ती काही म्हणत नाही. तुम्ही म्हणाल ते, म्हणते. आधी साध्या चपलेवरून भांडायची माझ्याशी.

आणि मला खरं सांगू? मला शाळेची इमारत दिसली तरी आता धडधडतं. मला! आपण कोणाच्या मुली? बाबा आपल्याला शाळेत सोडायला यायचे तेव्हा फाटकाबाहेर चपला काढायचे, आठवतं?… हो, विहारात जाताना काढतो तशा. लोक हसायचे. बाबा म्हणायचे, आपल्याला हे दार फार उशिरा उघडलं, पोरींनो. मी सृष्टीला त्याच भक्तीने त्या गेटमध्ये सोडत होते गं. इंग्लिश मीडियम, स्मार्ट बोर्ड, एसेमेस. आत मूल बसलंय की नुसतं त्याचं दप्तर, हे बघणारं कुणी आहे का, एवढं एक विचारायचं राहिलं.

हो… हो… नाही, तू ये म्हणतेस हेच खूप आहे. पण आधी चेतनचं होऊ दे. त्याला म्हणावं, मावशीचा आशीर्वाद आहे. मुलगी गोड आहे, फोटो पाहिला मी… हो, तिला घेऊन ये इकडे नंतर.

तिच्याशी बोलायचंय? सृष्टीशी?… ताई, ती नाही बोलणार. तुला वाईट वाटेल… नुसतं तूच बोलणार? बरं. पण पूर्वाचं काढू नकोस… किंवा… नाही, काढलंस तरी चालेल. डॉक्टर म्हणतात, नाव घ्या, टाळू नका. तुला सुचेल ते बोल. थांब, आत जाते.

सृष्टी… सृष्टी, जागी आहेस? मावशी आहे फोनवर. वर्ध्याहून… काही बोलू नकोस हवं तर. नुसतं ऐक. देऊ?… घे. मी बाहेर आहे हां. कणीक भिजवते.

…

…

हॅलो? ताई?… हो, मीच. तिने आणून दिला फोन. स्वतः उठून ओट्यापर्यंत आली. माझे हात पिठाचे, तिनेच माझ्या कानाशी, खांद्यावर नीट टेकवून मग सोडला. पुन्हा आत गेली… किती वेळ बोललात गं! मला वाटलं, तूच बोलत असशील.

बोलली? ती?… खरंच?… काय बोलली?

ताई, रडणं थांबव आधी. मला नीट सांग… हं… हं, रात्री… हो, मग?… तिला भीती वाटते? कशाची?… स्वतःची?

…

तिला पण कधीकधी तसंच वाटतं, असं म्हणाली?… याच शब्दांत?… पूर्वासारखं जड वाटतं… हं… आणि रात्री जास्त…

नाही. नाही ताई, मी ठीक आहे. बसले मी. खालीच बसलेय, ओट्याला टेकून… घाबरले. हो, घाबरले. पण डॉक्टर म्हणाल्या होत्या, तिने असं काही सांगितलं तर किंचाळू नका, रागावू नका, ऐकून घ्या आणि लगेच मला फोन करा. रविवार असला तरी करा, म्हणाल्या. नंबर आहे माझ्याकडे. आत्ता करते. संतोष खाली आहे, त्याला हाक मारते.

तू चांगलं केलंस. तू ऐकलंस तिचं. मला सांगितलंस तेही चांगलं केलंस… काय, ती म्हणाली, आईला सांग?… तिनेच सांगितलं सांगायला?

मग मला का नाही सांगितलं गं? मी तर रात्रंदिवस इथेच आहे, तिच्याच पायाशी. रोज विचारते मी, सृष्टी, काही होतंय का, बाळा, काही होतंय का…

काय म्हणाली?

… आई फार दमलेली असते, म्हणून?

नाही… नाही गं… नाही दमले मी. कुठे दमलेय मी?… ताई, ठेव. ठेव तू फोन. मला आत जाऊ दे तिच्याजवळ… हो, करते नंतर. ठेव.